कायमचा की मुदतीचा

केंदूर,
नागपंचमीनंतरचा रविवार

प्रिय दादा,

पाकीट फोडलंस की आधी राखी हातात पडेल. साधीच आहे, लाल गोंड्याची. चमकीची आणली तर तू ती दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या आरशाला बांधतोस, म्हणून मी आता आणतच नाही. पण राखीबरोबर एवढं जाड पत्र बघून तू वहिनीला हाक मारशील आणि वहिनी म्हणेल, "बुधवारी येनारच हायती की त्या, मंग पोस्टानं कशाला राखी?" तेच सांगायला बसले आहे, उद्या सकाळीच स्पीड पोस्टानं टाकते म्हणजे बुधवारच्या आत पोचेल. फोन केला असता तर तू "बरं बरं, आलीस की बोलू" म्हणून ठेवून दिला असतास आणि मीही सवयीनं "हो दादा" म्हटलं असतं. आण्णा गेल्यापासून तुला दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. कागदावर मधेच कुणी बोलत नाही, एवढं बरं आहे. शेतात जायच्या घाईत वाचू नकोस, जेवण झाल्यावर निवांत वाच, आणि अर्ध्यात उठू नकोस.

बुधवारी दौंडच्या रजिस्टर ऑफिसात हक्कसोडीची सही करायची ठरली आहे. आण्णांच्या माघारी सातबाऱ्यावर आईचं, तुझं आणि माझं अशी तीन नावं लागली, त्यातलं माझं मी आपखुशीनं काढून घ्यायचं. तू साक्षीदार सांगून ठेवलेस, गाडी सांगितलीस. वहिनीनं साडीही आणली, मोरपंखी, काठ रुंद आहेत, आईनं सगळं फोनवर सांगितलं. आपल्या भांडगावात कुठली बहीण असं करत नाही? सही करायची, साडी नेसायची, पेढा खायचा आणि माहेर राखायचं. मीसुद्धा तुला हो म्हणाले होते आणि तोंडदेखलं नव्हे, मनापासून म्हणाले होते. पण सहीचं शेवटी बोलते. आधी मला दाराचं बोलू दे, कारण सगळं त्या दारापासूनच सुरू झालं.

आठवतं ना, वास्तुशांतीच्या आधी तू मला किती घाईनं बोलावून घेतलंस ते? एरवी माझ्या नोकरीची तू कोण थट्टा करायचास! शिक्रापूरच्या त्या बिल्डिंगमध्ये कंपन्यांत कामाला येणारी पोरं राहतात, मालक पुण्याला असतो, आणि खोल्यांच्या दारांना किल्ल्या नाहीत, नंबरची कुलपं आहेत. कुणी बिहारातून, ओडिशातून बॅग घेऊन आला की त्याचं आधार कार्ड बघायचं, खोली दाखवायची आणि खाली ऑफिसात बसून मोबाईलवरून त्याच्या दाराचा कोड तयार करायचा, हे माझं काम. ती पोरं मला 'कोडवाली दीदी' म्हणतात. हे ऐकून तू म्हणाला होतास, "म्हंजी वॉचमनच की गं तू!" आणि मग तुझ्याच नव्या बंगल्याच्या सागवानी दाराला ते स्मार्ट लॉक बसलं, इलेक्ट्रिशियन कनेक्शन जोडून निघून गेला आणि पुढचं कुणालाच जमेना, तेव्हा कसा गोड आवाजात फोन आला, "नीले, तूच ये बाई." मी सुट्टी टाकून आले. खरं सांगू, त्या दिवशी मला जेवढं मोठं वाटलं तेवढं लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

लॉक आधी माझ्या फोनवर घेतलं, म्हणून त्याचं मुख्य खातं माझ्या नावावर झालं, मग त्यात तुला घेतलं. दार उघडलं की व्हरांड्यातला दिवा लागेल, सगळे बाहेर पडून कुलूप लागलं की आतले पंखे बंद होतील, असं सगळं जोडून दिलं. तू दुपारभर दार उघडझाप करत होतास. तुझा पप्पू तरी लहान आहे, तू एवढा बाप्या माणूस! आईचा अंगठा मात्र काही केल्या घेईना. पुसून बघितला, तेल लावून बघितलं, मशीन आपलं लाल दिवाच दाखवतंय. रेशन दुकानातही तिचं तेच होतं. खुरपं धरून धरून त्या अंगठ्यावर रेघच उरली नाही. मग म्हटलं, आई, तुझ्या ध्यानात राहील असा एक आकडा सांग. ती म्हणाली, "मला कुठलं ध्यानात ऱ्हातंय? आपला गट नंबर तेवढा पाठ हाय बाई." तुला ते एवढं आवडलं की तू म्हणालास, घरात सगळ्यांनाच तो टाक, भांडण नको. मग आईचा, तुझा, वहिनीचा, तुझ्या राजनंदिनीचा, पप्पूचा आणि माझा, सगळ्यांचा एकच कोड झाला. आण्णांच्या जमिनीचा गट नंबर.

एक गंमत मी तुला कधी सांगितली नाही. मुख्य खातं माझ्याकडे असल्यामुळे तिकडे दार उघडलं की इकडे माझा फोन टिंग करायचा. सकाळी धारा काढायला आई बाहेर पडली की टिंग. पप्पू शाळेतून आला की टिंग, आणि दप्तर टाकून लगेच बाहेर पळाला की पुन्हा टिंग. मी शिक्रापूरला ऑफिसात कुणाला तरी हिंदीतून नळ नीट बंद करायला सांगत असायचे आणि मनात म्हणायचे, आली आई शेतातून, आता चुलीवर, नव्हे गॅसवर, चहा टाकेल. इतक्या वर्षांत माहेर मला एवढं जवळ कधी आलं नव्हतं. तुझे दाजी चिडवायचे, म्हणायचे, "केंदुरात नांदतीयास का भांडगावात?" मी म्हणायचे, दोन्हीकडे.

पण हळूहळू ते टिंग फारच वाढलं. भर दुपारी, तुम्ही सगळे रानात असताना दार उघडलेलं दिसायचं. आपणच केलेला घोळ होता तो! ज्या गावात पाटाच्या पाण्याची पाळी गट नंबरावर, उसाची नोंद गट नंबरावर, बांधाची भांडणं गट नंबरावर, तिथं आपण घराच्या दाराला गट नंबर लावला. आणि आईला शेजारणीनं विचारलं, सारजाक्का, तुम्हाला एवढं ध्यानात कसं ऱ्हातं, तर आईनं कौतुकानं सांगितलं. मग काय, अख्ख्या भांडगावाला आपलं दार मोकळं. कुणाचं विरजण आपल्या फ्रिजमध्ये, कुणाच्या लग्नाची पत्रिका थेट आपल्या देवघरात. खतवाल्यानं पोती हॉलमध्ये आणून टाकली, वर "उनात ऱ्हायली असती" म्हणून उपकार केल्यासारखं सांगितलं. आणि रखमाजीआप्पा! वहिनी बाजारातून आली तर आप्पा सोफ्यावर धोतर सावरून गाढ झोपलेले, टीव्ही चालू, पंखा पाचवर. वहिनी किंचाळली तर उठून म्हणतात कसे, "वरडती कशापायी? तुझ्या सासऱ्याचा सोबती हाय मी." मी हे ऐकून एवढी हसले होते की ऑफिसातली पोरं बघायला आली. चमचासुद्धा चोरीला गेला नव्हता, पण वहिनीचं बरोबर होतं. अशानं कुठे घर चालतं?

म्हणून तू मला फोन केलास आणि मी तुला फोनवरून शिकवलं. जुना कोड काढून टाक, प्रत्येकाचा वेगळा कर, ज्याचा त्याला नावानं टाक, आईला नवा पाठ करून घे. तू एकेक बटण दाबत होतास, मी पलीकडून सांगत होते. मधेच तू अडलास. म्हणालास, "नीले, ह्ये इथं प्रत्येकापुढं इचारतंय, कायमचा का मुदतीचा. काय टाकू?" मी माझ्या कामाच्या सवयीनं उत्तर दिलं. म्हटलं, सोपं आहे दादा, जो राहणार आहे त्याला कायमचा, जो जाणार आहे त्याला मुदतीचा, आणि मुदतीचा असेल तर शेवटची तारीख टाकायची. तू म्हणालास, "आलं ध्यानात." आणि खरंच तुझ्या ध्यानात आलं होतं. तू माझं अक्षरनअक्षर ऐकलंस, हे मला नंतर कळलं.

आखाडात मी आले होते, तो दिवस. आईचा गुडघा सुजला होता, तिला उठवत नव्हतं. मी न सांगता निघाले. तळेगाव, न्हावरा, चौफुला अशा गाड्या बदलत आले. पिशवीत तिच्यासाठी तळलेल्या कापण्या होत्या, अजून कोमट. माझा नवा कोड तू व्हॉट्सॲपवर पाठवला होतास, तो मी दाबला. लाल दिवा लागला. वाटलं घाईत चुकला. पुन्हा दाबला. पुन्हा लाल. आणि तेवढ्यात माझ्याच पर्समध्ये माझा फोन टिंग वाजला. काढून बघितला तर त्यावर लिहून आलं होतं, कुणीतरी चुकीच्या वेळी दार उघडायचा प्रयत्न करत आहे. खाली कॅमेऱ्याचा फोटो. फोटोत मी. पिशवी हातात, पदर खोचलेला, घाम आलेला. दादा, मला माझीच चोर म्हणून वर्दी माझ्याच फोनवर आली होती. आतून आई विचारत होती, "कोन हाय गं?" आणि मी दाराबाहेरून ओरडून सांगत होते, मी आहे, नीलम, उठू नकोस.

मुख्य खातं माझं होतं. एक बटण दाबलं असतं तर दार उघडलं असतं. पण माझा हात गेला नाही. आपल्या घराचं दार मी शिक्रापूरच्या ऑफिसातल्यासारखं का उघडायचं? मी तुला फोन लावला. तू रानातून म्हणालास, "आगं थांब, उघडतो की," आणि लगेच उघडलंस. तुझ्या आवाजात काहीसुद्धा नव्हतं, ना राग, ना अडचण. पाहुण्याला पाणी द्यावं तसं तू दार दिलंस. आत गेले, आईच्या गुडघ्याला शेक दिला, कापण्या दिल्या, हसले, बोलले. मग ती झोपल्यावर तिच्या उशाशी बसून फोनवर ती यादी उघडली. वरच्या नावांवरून नुसती नजर फिरवली, माझं नाव तिथं नव्हतंच. खाली, 'पाहुणे' म्हणून जे लिहिलं होतंस त्यात, दूधवाल्याच्या आणि मोटारीच्या वायरमनच्या खाली होतं. सुरुवात वसुबारसेची, शेवट भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा. मी त्या ओळीपाशीच थांबले, पुढचं वाचवलं नाही. मला रडू आलं. आई जागी होईल म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडले.

तू वाईट मनानं केलं नाहीस. हे मी तुला समजवायला नाही लिहीत, मला स्वतःलाच ते पक्कं ठाऊक आहे. तुला वाटलं असेल, नीली दिवाळीला येते, तेवढ्या दिवसांचा पुरे. यंत्रानं प्रश्न विचारला आणि तू खरं उत्तर दिलंस. आपल्या घरात हा प्रश्न कधी कुणी मोठ्यानं विचारलाच नव्हता, म्हणून आजवर सगळ्यांचं बरं चाललं होतं. जुन्या घराला दिवसा कडी नसायची, तिथं कोण कायमचं आणि कोण मुदतीचं हे कुठे लिहावं लागत होतं?

तरी रंगुआत्या मला आठवत राहिली. तिनं आण्णांसाठी, तिच्या भावासाठी, असाच हक्कसोडीवर अंगठा दिला होता, आणि आण्णांनी तिला काही कमी केलं नाही. पण तू तिला कधी नीट बघितलंस का? कासुर्डीहून यायची ती आणि खाटेच्या कडेलाच बसायची, पाय खाली सोडून. वहिनी, भांडं कुठं ठेवू, असं आईला विचारायची. ज्या घरात ती जन्मली त्या घरात तिला फडताळ उघडायला विचारावं लागायचं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, तिचं तिला कळलं होतं. मी लहान होते, मला वाटायचं आत्याचा स्वभावच भिडस्त आहे. तिच्या घरी कासुर्डीला गेले तेव्हा तिला शेजारणीशी कडाकडा भांडताना बघितलं आणि चकितच झाले.

आणि माझं काम बघ. आमच्या बिल्डिंगमध्ये मुदत संपली की कोड आपोआप बंद पडतो. मग एखादा पोरगा शिफ्ट करून सकाळी येतो, डबा काखेत, डोळे लाल, आणि दाबतो, दाबतो, दार उघडत नाही. आधी तो मशीनकडे बघतो, मग स्वतःच्या बोटाकडे बघतो. माझ्याकडे यायला त्याला वेळ लागतो. आला की म्हणतो, "दीदी, मेरा नंबर चल नहीं रहा." मी मुदत वाढवून देते, तो जातो. पण त्याला एकदा कळलेलं असतं, ही खोली आपली नाही. मग तो भिंतीला खिळा ठोकत नाही, देवाचा फोटो बॅगेतच ठेवतो. हे मी रोज बघते दादा. म्हणून त्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडावर काय होतं, ते मला आरसा न बघताही माहीत होतं.

एवढं होऊनही मी सही करणार होते. खोटं नाही सांगत, मोरपंखी कापड आणून ब्लाउजसुद्धा शिवायला टाकला होता. तुझे दाजी म्हणाले, आम्हाला त्यातलं ढेकूळही नको, तुझं माहेर, तू ठरव. आणि आईला विचारलं तर तिनं काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, "कर बाई सही. माझ्या माघारी तुला दार उघडाया कुनीतरी पायजे ना." ती हे अगदी मायेनं म्हणाली. माझं नाव मी माझ्या हातानं खोडायचं, म्हणजे मग कुणीतरी मला दार उघडेल. गावातल्या किती बायांनी असा हिशेब केला असेल आणि साडी नेसून हसत घरी गेल्या असतील. मीही गेले असते. माझ्यापुरता प्रश्न होता तोवर मी तोंड मिटून गेले असते.

पण आता नाही. मी बुधवारी येणार नाही, दादा. साक्षीदारांना सांग, गाडीवाल्याला सांग, वहिनीला सांग ती साडी तिनंच नेसावी, मोरपंखी तिला माझ्यापेक्षा शोभते. मी सही करणार नाही, या बुधवारी नाही आणि पुढच्या कुठल्याही बुधवारी नाही. यावर आता तू कुणाला मध्यस्थ पाठवू नकोस. जमीन तूच कस, तुझ्या घामाची आहे, ऊस तुझा, पाणी तुझं, मी उसाच्या एका टिपऱ्यावर हक्क सांगायला येणार नाही आणि विकायला तर मुळीच काढणार नाही. पण सातबाऱ्यावर आईच्या आणि तुझ्या खाली 'नीलम' असं जे लिहिलं आहे ते तसंच राहील. तिथे शेवटची तारीख नसते. गावात काय बोलतील मला पाठ आहे. बहिणीनं वाटा मागितला म्हणतील, रस्त्याकडेची जमीन बघून तोंडाला पाणी सुटलं म्हणतील. वहिनी काही दिवस माझ्याशी बोलणार नाही. तू कदाचित यंदा भाऊबीजेला बोलावणार नाहीस. या सगळ्याची मला भीती वाटते. रात्री जेवण गेलं नाही. पण भीती वाटते म्हणून सही करायची, हे मी बंद केलं. दाराचं मुख्य खातं मात्र आज तुझ्या फोनवर करून टाकलंय. माझा 'पाहुणे' मधला कोड मीच काढलाय. तुझ्या दारावर मला कसलीच सत्ता नको आहे. मी आले की बाहेरून हाक मारीन, उघडायचं की नाही ते तू बघ.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल संध्याकाळी राजनंदिनीचा फोन आला होता. मला वाटलं, साडी कशी आहे हे सांगायला केला असेल. तर म्हणाली, आत्या, तू कोडचं काम करतीस म्हणून तुला विचारते, घरात कुणाला सांगू नको. तुझा फोन तिच्या हातात होता, तू तिला काहीतरी भरायला दिला होतास, आणि तिनं ती यादी बघितली. पप्पूपुढं 'कायमचा' लिहिलं आहे. तिच्यापुढं तू शेवटची तारीख टाकली आहेस, पुढच्या वर्षीच्या मे महिन्याची, म्हणजे तिच्या कॉलेजची परीक्षा संपते तेव्हाची. अजून स्थळ बघितलं नाहीस, पोरीला विचारलं नाहीस, तारीख तेवढी टाकून मोकळा झालास. कारण मीच सांगितलं होतं, जो जाणार आहे त्याला मुदतीचा. ती रडत नव्हती, दादा. ती रडली असती तर मी तिला समजावलं असतं. ती अगदी साध्या आवाजात, परीक्षेतला प्रश्न विचारावा तशी म्हणाली, "आत्या, मे महिन्यानंतर मी कुठं ऱ्हायचं?" मी खातं तुझ्याकडे द्यायच्या आधी ती तारीख पुसू शकले असते. पुसली नाही. तुझ्या लेकीचा प्रश्न आहे, उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. तिला म्हटलं, थांब, तुझ्या पप्पांना विचारून सांगते. ती वाट बघते आहे. तर विचारते, दादा. पोरीला काय सांगू?

तुझी, आणि त्याच घरची,
नीलम